दारावरचा पत्रा

आमच्या दारावर बाहेरून पत्रा ठोकला, तेव्हा आई आणि मी आत होतो.

ठोकत होते गार्डभैया. हुकूम सोसायटीच्या सेक्रेटरींचा. जयपूरच्या मालवीय नगरातली बिल्डिंग, सगळे साहेबलोक. सेक्रेटरी जिन्यातून म्हणाले, "तुम लोगों का रहन-सहन ही ऐसा है। बीमारी तुम्हीं से फैलती है।"

तुम लोग. मतलब आम्ही. काळ्या रंगाचे, बदलीवर आलेले, बैठकीत बुद्धमूर्ती ठेवणारे. आईनं दिलेला चिवडा शेजारच्या काकू हसून घ्यायच्या आणि कामवालीला देऊन टाकायच्या. हे करोनाच्या आधीपासूनचं.

आईला ताप नव्हता. खोकला होता, जुन्या दम्याचा. मी आतून घसा फोडून सांगत होते. वरच्या मजल्यावरचा मुलगा नुकताच परदेशातून आलेला, तो खुशाल गच्चीवर फिरत होता. त्याच्या दाराला खिळासुद्धा नाही. आणि नियम म्हणे सगळ्यांना सारखा!

बाबा टाळेबंदीमुळे अमरावतीला अडकलेले. दुसऱ्या दुपारी आईला दम लागला. पंप संपलेला. तिचे ओठ निळे पडायला लागले. सेक्रेटरींना फोन केला. "शाम को देखेंगे।" फोन कट.

नवा पंप नाही हे माहीत असून मी तोच ड्रॉवर पुन्हापुन्हा उघडत होते. आई इथंच मरेल आणि हे लोक पत्रा काढणार नाहीत, हे मला कळून चुकलं.

मी वरवंटा उचलला. दार उघडलं आणि पत्र्यावर घातला. किती वेळा, देव जाणे. हात सोलले. एका बाजूचे खिळे निघाले. आईच्या तोंडाला मास्क लावला, माझ्याही लावला आणि तिला धरून जिना उतरले. दारं किलकिली होत होती. पुढं कुणी आलं नाही. फाटक तेवढं गार्डभैयांनी उघडलं.

आई वाचली. दवाखान्यातच सेक्रेटरींचा निरोप आला: नियम मोडला, लेखी माफी मागा.

बाबा फोनवर रडवेले झाले. "मागून टाक बेटा. आपल्याला तिथंच राहायचं आहे."

भीती मलाही वाटत होती. आजही जिन्यात पाऊल वाजलं की मी आधी दार उघडतंय का ते बघते. पण त्या दिवशी मी म्हणाले, "माफी मागणार नाही, बाबा. मी पोलीस ठाण्यात चाललेय. तुम्ही नाही म्हणालात तरी जाणार."

आणि गेले.