त्या नावाचं आमच्यात कोणी नाही

माझ्या बहिणीला तिच्या सासूने फोनवरून मारलं.

आज वर्षश्राद्ध आहे. तिकडे पंगत बसणार, मला निरोप नाही. म्हणून इथे लिहितेय.

तिच्या सासरच्यांनी खुशाल वाचावं. मी कुणाला ब्लॉक केलेलं नाही.

माझ्या मोठ्या बहिणीचं नाव पंचफुला. बाबांनी आजीचं नाव ठेवलं होतं. टेंभुर्णीत अख्खी गल्ली तिला फुला म्हणायची. मी फुलाताई म्हणायचे.

लग्नात दाजींनी तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं. प्रियंका.

हे नाव सासूबाईंनी काढलेलं. जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकान कधीचंच बंद पडलेलं, दाजी स्टील कंपनीत कामाला, पण ऐट होती तशीच.

"पंचफुला म्हंजी मळ्यातलं नाव. आमच्यात चालणार न्हाई," असं त्या भर मांडवात म्हणाल्या.

लोक हसले. ताईपण हसली. तिला दुसरं काय येत होतं.

ताईकडे स्वतःचा मोबाईल नव्हता. दाजींच्या कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे त्यांचा फोन दिवसभर घरी, सासूबाईंच्या उशाशी.

मी फोन करायचे.

"मावशी, फुलाताईला द्या ना."

"त्या नावाचं आमच्यात कोनी न्हाई."

फोन कट.

मग परत लावायचा आणि "प्रियंकाला द्या" म्हणायचं. मग ताई मिळायची.

हा त्यांचा वर्षानुवर्षांचा खेळ. माझ्या मैत्रिणींना लावायला सांगितला तरी तेच. आल्या-गेल्याला कौतुकाने सांगायच्या, "म्हायेरचं नाव पार इसरायला लावलं मी तिला."

मागच्या वर्षी ताईचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा, मग हिंग, मग मेडिकलवरची गोळी. उलट्या थांबेनात तेव्हा कुठे दवाखाना.

आतड्याला पीळ पडला होता. डॉक्टर म्हणाले, आजच ऑपरेशन.

दाजींच्या कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स होता. कॅशलेस. कार्ड ॲपमध्ये, अप्रूव्हल पोर्टलवर, कागद घेऊन कुठे फिरायचं काम नाही. दाजी ताईला ॲडमिट करून, फोन घरी टाकून ड्युटीवर गेले. रजा कशाला वाया घालवायची. मी टेंभुर्णीहून पोचले तेव्हा ताई एकटी होती.

कार्डावर नाव पंचफुला, कारण आधार शाळेच्या दाखल्यावरून काढलेलं. ॲडमिट करताना सासरच्यांनी सांगितलेलं नाव प्रियंका.

पोर्टलवर क्वेरी आली. नाव जुळत नाही.

क्लेम डेस्कवरची मुलगी चांगली होती. म्हणाली, "टेन्शन घेऊ नका ताई. दोन्ही नावं एकाच पेशंटची आहेत असं मी टाकलंय. आता इन्शुरन्सवाले तुमच्या रजिस्टर नंबरवर फोन करतील. घरचे हो म्हणले की झालं."

रजिस्टर नंबर दाजींचा.

मी धावत बाहेर येऊन त्या नंबरवर फोन लावला. एंगेज.

परत लावला. एंगेज.

आत गेले तर त्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. लाल अक्षरात रिजेक्टेड. खाली इंग्रजीत एक ओळ, की घरच्यांच्या सांगण्यानुसार या नावाची व्यक्ती कुटुंबात नाही.

मला ती ओळ सासूबाईंच्याच आवाजात ऐकू आली.

आता फोन लागला.

"मावशी, इन्शुरन्सचा फोन आल्ता ना? काय सांगितलं तुमी?"

"कोन्ती तरी पोरगी पंचफुला पंचफुला करून राह्यली व्हती. मला वाटलं तुहीच मैत्रीण. मंग नेहमी सांगते तेच सांगितलं."

आणि हसल्या.

ताईला मी सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण ती विचारत होती. ती म्हणाली, "कंचंबी नाव लिवा म्हणावं. पोट तेवढं थांबवा."

क्लेम परत टाकला. आता स्क्रीनवर नुसतं अंडर प्रोसेस.

शिफ्ट संपवून दाजी आले. मी म्हणाले, कॅश भरा, मी अर्धे देते.

"भरले अन् मागून क्लेम अडकला मंग? थांबू जरा. प्रोसेसमधी हाय ना."

"ताईबी प्रोसेसमधीच हाय, दाजी."

ते माझ्यावर चिडले. मला बोलायची पद्धत नाही म्हणे.

शेवटी डॉक्टरांनी स्वतःच्या जबाबदारीवर ऑपरेशनला घेतलं. तोवर आतडं काळं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गेली.

दहाव्याला मी त्या घरी होते. फोन वाजला. सासूबाई फोन कायम स्पीकरवर घेतात.

"दवाखान्याच्या बिलाच्या क्लेमसाठी बोलतेय. पंचफुला या आपल्या कोण?"

दाजींनी आईला हाताने खूण केली. सासूबाईंनी पदर सावरला.

"पंचफुला ना? सून माझी. थोरली सून. घरात सगळे पंचफुलाच म्हनायचो तिला. लई गुणाची व्हती पंचफुला."

"बरोबर. थँक यू."

क्लेम पास झाला. काहीच अडचण आली नाही.

मी तिथेच उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. तो त्यांच्या डोक्यात घालावा असं वाटलं. अजूनही वाटतं. वर्ष झालं, राग तसूभर कमी झालेला नाही.

आज त्यांच्या स्टेटसला ताईचा फोटो आहे. खाली कै. प्रियंका.

इथे कमेंटमध्ये कुणी त्या नावाने हात जोडले तर मी डिलीट करेन.

फुलाताई, तुझ्या सासूच्या तोंडून तुझं नाव मी ऐकलं. तू कधीच ऐकलं नाहीस.

पंचफुला, तुला तुझ्या धाकट्या बहिणीचा नमस्कार.