मागे न वळलेला बाप

बाईंना अख्खी शाळा ‘कशावरून’ म्हणायची. तोंडावर नव्हे, अर्थात. एकदा शिपायाने स्टाफरूममध्ये डोकावून विचारलं, “कशावरून आल्या का?” आणि मागून खुद्द बाईंचंच उत्तर आलं, “आल्या.” त्या दिवशी तो बाईंसाठी न सांगता दोनदा पाणी घेऊन आला.

हे नाव त्यांच्या लाल पेनाने पाडलेलं. गोष्टीतली आई प्रेमळ आहे असं कुणी लिहिलं, की समासात उमटायचं : कशावरून? “प्रेमळ म्हणतोस, पण ती करते काय, बोलते काय? गोष्टीतलं वाक्य दाखव. आणि दाखवून पळ काढू नकोस. त्यातून तुझं म्हणणं कसं निघतं, तेही सांग.” आधी म्हणणं, मग पुरावा, मग उलगडा. हा क्रम चुकला की बाई सख्ख्या बापालाही गुण देणार नाहीत, असं मुलं म्हणत.

“बाई, काय उकडतंय हो आज,” गणिताचे सर म्हणत.

“कशावरून?”

“हा बघा घाम!”

“पुरावा झाला. उलगडा? जिना चढल्याचाही असेल.”

आता निवृत्तीला आठ दिवस उरले होते. बावीस वर्षं वर्गात लिहून दिलेल्या बाईंच्या आदर्श परिच्छेदांचं पुस्तक शाळा छापत होती. शेवटची प्रुफं टेबलावर होती. शाळा सुटली की छापखान्याचा माणूस ती न्यायला येणार होता.

पहिलाच परिच्छेद नववीच्या गोष्टीवरचा. नोकरीसाठी परगावी निघालेल्या लेकीला बाप बसथांब्यावर सोडतो आणि घरी जातो, एवढीच गोष्ट. बाईंनी लिहिलं होतं : हा बाप कोरडा आहे. ‘त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही,’ या वाक्यातून ते दिसतं. मुख्याध्यापकांनी प्रस्तावनेत याच परिच्छेदाची तोंडभरून स्तुती केली होती.

मधल्या सुट्टीत टेबलापाशी कुणीतरी उभं असल्याचं बाईंना जाणवलं. नववीतली ही मुलगी, तिला सगळे ‘मांजर’ म्हणत. आली कधी, गेली कधी, कुणाला पत्ता लागत नसे. एका हातात उत्तरपत्रिका, दुसऱ्या हातात पाठ्यपुस्तक.

“बाई, पाचपैकी शून्य दिलंत.”

“मग? बाप हळवा आहे, असं तू लिहिलंस.”

“तो लेकीच्या वळकटीची दोरी तीनदा बांधतो. पहिली गाठ घट्ट असूनही सोडतो. त्याला तिला सोडवत नाहीये, बाई.”

“आणि मागे वळून पाहत नाही, त्याचं काय?”

“ते वाक्य कुठंय? मी चार वेळा वाचलं.”

“शेवटून दुसरं.”

“शेवटून दुसरं ‘बस सुटली.’ मग ‘तो चालू लागला.’ संपली गोष्ट.”

बाईंनी पुस्तक ओढून घेतलं. पान वाचलं, उलटलं, परत वाचलं. “नव्या आवृत्तीत गाळलं असेल,” म्हणत त्या उठल्या. कपाटातून जुनी पुस्तकं काढली, धूळ झटकली. तीन आवृत्त्या. तिन्हींत बाप नुसता चालू लागत होता.

“तुम्हीच घातलं असेल,” डब्याचं झाकण लावत गणिताचे सर म्हणाले. “आमची ही भाजीत दुसऱ्यांदा मीठ घालते, तसं. हाताला कळतच नाही. जाऊ द्या हो! बावीस वर्षं पोरं पास झाली ना?”

“झाली. हे वाक्य लिहून झाली. म्हणजे तपासणाऱ्यांनीही पुस्तक उघडलं नाही.” बाईंनी जुनं पुस्तक मिटलं. “अर्धे पेपर तर मीच तपासले.”

“मग आता कोण उघडणार आहे?”

बाईंनी मांजरीकडे पाहिलं. मांजर जमिनीकडे पाहत होती.

वाक्य काढलं तर परिच्छेदच कोसळत होता. आणि परिच्छेद काढला तर प्रस्तावना हवेत लोंबकळत राहणार. आठ दिवसांनी हारतुरे, भाषणं, आणि हे पुस्तक घरोघर. घंटा झाली, मुलगी वर्गात गेली. पुढच्या दोन तासिका बाईंनी शिकवल्या, पण कुणालाच ‘कशावरून’ विचारलं नाही. मुलं एकमेकांकडे बघत राहिली.

शाळा सुटल्यावर छापखान्याचा माणूस आला. “द्या बाई, झटपट. मशीन खोळंबलंय.”

बाईंनी पहिलं पान पुढ्यात घेतलं, परिच्छेदावर आडवी रेघ मारली आणि समासात तो एकच शब्द लिहिला. मग शिपायाला फाटकापाशी पाठवून घरी निघालेल्या मांजरीला बोलावून घेतलं.

“तुझा परिच्छेद इथे घालतेय. खाली तुझं नाव. पाचपैकी चार.”

मुलीचं तोंड उघडंच राहिलं. मग मिटलं. “एक गुण कुठे गेला?”

“शेवटी लिहिलंस, ‘घरी परतताना त्याला रडू आलं.’ कशावरून?”

“त्या गाठी...”

“गाठी थांब्यावर. हे रस्त्यावरचं.”

छापखान्याच्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं. “अहो बाई...”

“बसा दोन मिनिटं,” बाई म्हणाल्या.

मांजर समोरच्या खुर्चीत बसली आणि तिने पुस्तक उघडलं. बाईंनीही आपली प्रत उघडली, पहिल्या ओळीपासून.