ताईच्या घरात माझा आवाज

माझ्या ताईला माझा हेवा वाटला असा प्रसंग आयुष्यात एकदाच आला, आणि तोही तिच्या नवऱ्यावरून. उलटे प्रसंग सांगायला बसले तर दिवस मावळेल. केस तिचे दाट, अक्षर तिचं सुरेख, नवरा तिनं स्वतः पसंत केलेला. माझ्या वाट्याला आला तो आवाज. मी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होते. "क्षणभर थांबा, जोडून देते," हे मी अशा काही गोडीनं म्हणायचे की तावातावानं बोलणारी माणसंही थांबायची. ताई माझी नक्कल करून मला चिडवायची. नक्कल हुबेहूब व्हायची, कारण गळा दोघींचा एकच. फरक इतकाच, की मी तो जपून वापरला आणि तिनं तो भांडणात झिजवला.

ताई आणि भाऊजी तसबिरींना चौकटी करून द्यायचे. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये अरुंद जिना. भाऊजी काच कापायचे आणि लाकडी पट्ट्यांचे कोपरे जुळवायचे. ताई चित्राभोवतीचा पुठ्ठा कापून चिकटवायची. दुकानात सरसाचा वास, पायाखाली भुसा आणि या दोघांची जुगलबंदी. "अहो, कोपरा उघडा पडलाय." "तुझे डोळे तपासून घे." "तपासलेत म्हणूनच दिसतंय." गिऱ्हाईक चौकट घ्यायला यायचं आणि फुकटची करमणूक पदरात पाडून घरी जायचं.

मी नाक मुरडायचे. आमच्या घरात भांडण म्हणून नाही. माझे 'हे' शांत स्वभावाचे. मी काही म्हटलं की "बरं" म्हणायचे आणि तसं करायचे. हे मी चारचौघांत मिरवायचे. ताई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं म्हणतात, पण मग बोलतात काय?" मला वाटायचं, ही जळते.

भाऊजींचं बिनसायला लागलं ते आधी ताईलाच कळलं. एका बाईच्या मुलाचा फोटो त्यांनी चौकटीत उलटा बसवला, पाठ काचेकडे. गिऱ्हाईक हसलं, त्याला ती थट्टा वाटली. ताई हसली नाही. मग त्यांना कोपऱ्याचा कोन जमेना, मग दुकानातून वर जायचा जिना सापडेना. डॉक्टरांनी डिमेन्शिया असं निदान केलं. सगळ्यात अवघड गोष्ट निघाली पाणी. तहान लागते हेच ते विसरले. पाणी कमी पडलं की आणखी भरकटायचे, आणि एकदा तर सलाइन लावायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, औषधं राहू द्या, आधी यांना पाणी पाजा. आणि ताईच्या हातून तर ते पाण्याचा थेंब घेईनात.

त्याच सुमाराला एका मोठ्या निधीची बातमी आली. या आजारावरच्या संशोधनासाठी पैसे मिळणार होते, पण अट अशी की एकट्या कंपनीला मिळणार नाहीत आणि एकट्या शास्त्रज्ञालाही नाहीत. दोघांनी मिळून अर्ज करायचा, मिळून काम करायचं आणि मिळून उत्तरं द्यायची. कंपन्या वस्तू करतात, पण रोग्याला ती कितपत उपयोगी पडेल हे त्यांना ठाऊक नसतं. शास्त्रज्ञांना ते ठाऊक असतं, पण त्यांचं ज्ञान कपाटात पडून राहतं. "म्हणजे पाहुण्यांनी जुळवलेलं लग्न," ताई म्हणाली, "पोरा-पोरीनं एकमेकांना पाहिलेलंही नाही."

डॉक्टरांनी भाऊजींचं नाव अशा एका प्रयोगात घातलं, आणि आमच्या वाट्याला आलेलं जोडपं तसंच होतं. कंपनीकडून यायचा एक कडक कपड्यातला तरुण साहेब. ताईनं त्याचं नाव इस्त्री ठेवलं. विद्यापीठाकडून यायच्या एक डॉक्टरबाई, मेंदूवर काम करणाऱ्या. कुठल्याही वाक्यानंतर त्या "असं लगेच म्हणता येणार नाही" म्हणायच्या, म्हणून त्यांचं नाव शंका. इस्त्रीला घाई, शंकेला धीर. दोघं मिळून एक बोलणारी डबी तयार करत होते. ती रोग्याला त्याच्या जवळच्या माणसाच्या आवाजात आठवण करणार: पाणी घ्या, दार लावा. पेल्याखाली एक चकती ठेवायची. पाणी कमी झालं की तिला कळायचं आणि ती नोंद विद्यापीठात जायची.

आता डबीत आवाज कुणाचा, हे ठरवायला भाऊजींना विद्यापीठात नेलं. छोटी खोली, टेबलावर पाण्याचा पेला, बाजूला स्पीकर. आम्ही काचेपलीकडे. आधी कंपनीनं पैसे देऊन आणलेल्या एका बाईचा आवाज लावला. भाऊजी म्हणाले, "कुणीतरी तो रेडिओ बंद करा." मग दूर राहणाऱ्या त्यांच्या मुलाचा. भाऊजी उठून दाराकडे बघत राहिले, पाणी राहिलं बाजूला. मग ताईचा. "अहो, पाणी प्या." भाऊजींनी मानही वर केली नाही. "घेतो गं नंतर. डोकं खाऊ नकोस."

मग माझा. "भाऊजी, थोडं पाणी घ्या ना." काय सांगू, माणूस सावरून बसला. शर्टाची कॉलर नीट केली, "हो हो, मेहुणीबाई, घेतो की," म्हणाला आणि पेला रिकामा केला.

इस्त्री खूश झाला. "या आवाजाशी त्यांची ओळख सगळ्यात पक्की आहे. हाच घेऊ." शंका म्हणाल्या, "ओळख आहे असं लगेच म्हणता येणार नाही. ऐकलं, एवढंच म्हणा." पण निधीवाल्यांना पहिला निष्कर्ष द्यायची तारीख जवळ आली होती, आणि कागदावर 'ओळख' हाच शब्द राहिला. मी ताईकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला होता की जणू भर दुकानात कुणी तिच्या हातातली कात्री काढून घेतली. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. जन्मात एकदा तरी मी तिच्या पुढे गेले होते, आणि तेही कुठे, तर तिच्या नवऱ्याच्या डोक्यात.

डबी ताईच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बसली. दिवसभर माझा आवाज बोलायचा आणि भाऊजी "हो, मेहुणीबाई" म्हणून पाणी प्यायचे. त्यांची तब्येत सुधारली. ताईची बिघडली. तिचा फोन यायचा तो भांडायलाच. "तुझा आवाज माझ्या घरात राहायला आलाय, निदान भांडी तरी घास म्हणावं." कधी म्हणायची, "त्यांची पथ्यं मी सांभाळायची, त्यांचे कपडे मी बदलायचे, आणि गोड बोलायचं कुणाशी? तुझ्याशी. तू दिवाळखोर आवाजाची बाई." याचा अर्थ तिलाही माहीत नव्हता, पण राग होता तो खरा. मी समजूत घालायचे, आणि समजूत घालतानाही आवाज जरा जास्तच गोड लावायचे.

एका दुपारी मी न कळवता गेले. दुकान बंद होतं, मागच्या दारानं जिना चढले. वर पोचते तोच आतून माझा आवाज आला. "भाऊजी, पाणी घेताय ना?" मला वाटलं डबी बोलतेय. पण डबी दारातल्या स्टुलावर पडली होती, बटण बंद, वर ओला टॉवेल. मी तोंड मिटून उभी, आणि माझा आवाज स्वयंपाकघराच्या पडद्याआडून येतोय. ताई पडद्यामागे उभी राहून माझी नक्कल करत होती. भाऊजी खुर्चीत, पाठ तिच्याकडे. त्यांनी "हो, मेहुणीबाई" म्हटलं आणि पाणी प्यायले.

ताईनं मला पाहिलं. तिच्या डोळ्यांत चोरी पकडल्याच्या लाजेपेक्षा खुन्नस जास्त होती: बघ, तुझं काही अडत नाही. मग तिला राहवलं नाही. माझ्याच आवाजात, माझ्याच लाडिक हेलात तिनं विचारलं, "भाऊजी, एक विचारू? माझं ऐकता, मग ताईचं का नाही ऐकत?"

भाऊजींनी पेला चकतीवर ठेवला. मला वाटलं, प्रश्न हरवला. मग ते हळू आवाजात, कुणी ऐकू नये असे बोलले. "तुम्ही पाहुण्या. तुम्हाला नाही कसं म्हणायचं?" पेला चकतीवर जरा सरकवून म्हणाले, "ती आपली आहे. तिला नाही म्हटलं, की ती परत येते. दिवसभर येते. हो म्हटलं तर जाईल ना कामाला."

ताई पडद्याला धरून उभी राहिली. रडली वगैरे नाही. तिनं तोंडावर पदर दाबला आणि त्याआडून ती हसतेय हे मला दिसलं. मी खाली जाऊन दुकानातल्या बाकावर बसले. समोर रिकाम्या चौकटी टांगलेल्या. एवढे दिवस मी पहिल्या नंबरानं पास झालेय म्हणून मिरवत होते, आणि पास झाले होते ती परक्याच्या परीक्षेत. घरी गेले तेव्हा ह्यांना म्हटलं, "आज बाहेर जेवू या का?" ते म्हणाले, "बरं." मी त्यांच्याकडे बघत राहिले. म्हटलं, "नको, घरीच जेवू." ते म्हणाले, "बरं."

ताईनं शंकेला सगळं सांगून टाकलं, तसंही डबी बंद असताना पाणी कसं कमी होतं हे बाईंनी विचारलंच होतं. त्या पहिल्यांदा खळखळून हसल्या. म्हणाल्या, आपण आज्ञाधारकपणा मोजला आणि त्याला ओळख म्हटलं. नकार मोजायला हवा होता. इस्त्रीचा तिळपापड झाला. ज्या डबीला रोगी "नको" म्हणतो ती विकायची कुणाला? दोघांचं दुकानातच वाजलं, काचेच्या तुकड्यांमध्ये उभं राहून. ताई मला म्हणाली, "आता खरं लग्न लागलं यांचं."

निधीची माणसं पाहणीला आली तेव्हा भाऊजींनी त्यांच्यासमोर ताईला चांगलं फैलावर घेतलं, आणि तिनं त्यांना. त्या भांडणाच्या ओघात त्यांनी पाणीही पिऊन टाकलं. पाहुणे बघत राहिले. पुढचे पैसे मंजूर झाले, नव्या अटीसह: डबीनं "नको" ऐकून गप्प बसायचं नाही, पुन्हा वेगळ्या शब्दांत मागे लागायचं, आणि प्रत्येक "नको"ची नोंद ठेवायची. डबीत आवाज ताईचा. तिनं रेकॉर्डिंगच्या खोलीत इतकी करकर करून ठेवली की इस्त्री कान चोळत बाहेर आला.

मग ताईचे फोन बदलले. "आज मला म्हणाले, तोंडाचा पट्टा आवर." हे ती असं सांगायची, की जणू नवऱ्यानं दागिना आणला. मी "हं" म्हणायचे आणि जळायचे. मला कुणी तोंड आवर म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

हे काही महिने चाललं. नंतर नंतर फोनवर सांगण्यासारखं कमी होत गेलं. "डोकं खाऊ नकोस"चं "नको" झालं, "नको"चं नुसतं मान हलवणं. आणि एका सकाळी ताईचा फोन आला. "ऐकलं त्यांनी."

"काय ऐकलं?"

"माझं. पहिल्याच हाकेला. 'हो बाई, घेतो' म्हणाले. पेला ठेवून 'आभारी आहे' म्हणाले." तिचा आवाज सपाट होता. "इस्त्रीचा फोन आला होता. म्हणतो, आलेख सरळ वर गेलाय. अभिनंदन म्हणतो. तू ये. तू बोलून बघ त्यांच्याशी. तुला नाही म्हणाले तरी चालेल मला. कुणाला तरी म्हणू देत."

मी गेले. शंका आधीच येऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर वही बंद. त्यांनी सरकून मला वाट दिली. वर भाऊजी खुर्चीत नीट बसलेले, शर्टाची कॉलर व्यवस्थित. मी असेल नसेल तेवढा खवचटपणा आवाजात आणला. म्हटलं, "अहो, कधीचं सांगतेय, पाणी प्या."

त्यांनी दोन्ही हातांनी पेला घेतला आणि सगळा संपवला. मग एकदा माझ्याकडे, एकदा ताईकडे बघून अदबीनं विचारलं, "आपण दोघी बहिणी का? आवाज सारखे वाटतात."

"हो," ताई म्हणाली. तिनं पेला भरला. "अजून घ्या." ते प्यायले. तिनं पुन्हा भरला. "घ्या." ते पुन्हा प्यायले, हनुवटीवरून पाणी शर्टावर आलं, तरी थांबले नाहीत. ताईनं तांब्या परत उचलला. तिची नजर त्यांच्या ओठांवर होती, आता तरी नको म्हणतील म्हणून.

मी तांब्या तिच्या हातातून काढून घेतला.

"पुरे गं, ताई," मी म्हटलं. "तू देशील तेवढं पितील ते."