मावसाजींचं भूत कुठंही जात नाही

रायपुरात भुतांना घाबरणारी माणसं हवी तितकी मिळतील, पण भुतांच्या बाजूनं भांडणारा माणूस या अख्ख्या राजधानीत एकच आहे, आणि आमचं नशीब असं की तो नेमका माझ्या मावशीचा नवरा आहे. आम्ही त्यांना मावसाजी म्हणतो. पूर्वी भुताचा सिनेमा लागला की मावसाजी पहिल्याच खेळाला हजर असायचे. बराच वेळ शेंगदाणे खात शांत बसायचे. शेवटी मांत्रिक लिंबू आणि राख घेऊन भुतिणीला हाकलायला जंगलात शिरला, की मात्र त्यांचं डोकं सरकायचं. उभे राहून ते थेट पडद्याला विचारायचे, "ती तिथली राहणारी आहे. तिनं काहून जावं?" मागचे लोक "भैया, बैठ जाओ" म्हणून ओरडायचे, टॉर्चवाला धावत यायचा, आणि भाची म्हणून हौसेनं सोबत नेलेली मी ओढणीत तोंड लपवून बसायची. एवढा तमाशा करून घरी आल्यावर हा माणूस मावशीला सांगणार, सिनेमा चांगला होता, शेवट तेवढा अन्यायाचा.

नवं राज्य झालं तेव्हा त्यांच्या सरकारी कचेरीत कोण भोपाळला जाणार आणि कोण रायपुरात राहणार याची वाटणी चालली होती. भलेभले लोक साहेबांच्या दारात हात जोडून उभे. मावसाजी म्हणाले, मी आधीपासून इथंच आहे, मला काय विचारता. नागपूरच्या नातेवाइकांचं वेगळंच टुमणं, की आता रिटायर झाल्यावर आपल्या माणसांत या. त्यावर मावसाजींचं "काहून?" इतकं थंड यायचं की फोनवरचा माणूस मुकाट्यानं हवापाण्याकडे वळायचा. पुढं राजधानीच्या थाटाला साजेसे रस्ते रुंद झाले आणि त्यात घरापुढचा ओटा गेला. ओटा गेला, मावसाजी गेले नाहीत. जिथं ओटा होता तिथंच, आता फुटपाथ झालेल्या जागेवर, ते रोज सकाळी खुर्ची टाकून पेपर वाचायला लागले. एकदा ट्रॅफिकच्या हवालदारानं उठायला सांगितलं, तर त्यांनी त्याला चहा पाजला आणि ओटा कुठून कुठपर्यंत होता ते पावलांनी मापून दाखवलं. तेव्हापासून हवालदार जाता-येता त्यांना नमस्कार करायचा. मला शरम वाटायची, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटायचा.

असा माणूस रिटायर झाल्यावर गप्प बसेल ही आशाच वेडेपणाची होती. त्यांनी एके दिवशी जेवताना जाहीर केलं की आपण स्वतः झपाटलेल्या जंगलाचा सिनेमा काढायचा, आपल्या घरच्या मराठीत, आणि त्यात शेवटी भूत जाणार नाही, मांत्रिक जाईल. भूत मावशी, मांत्रिक मी, आणि कॅमेरा मोहल्ल्यातल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्या भैयाचा. मावशीनं आधी लाटणं आपटलं, आणि मग केस किती मोकळे सोडायचे ते विचारलं.

जंगल शोधायला आम्ही शहराबाहेरच्या एका गावी गेलो. तिथं गावदेवाची पूजा करणाऱ्या म्हाताऱ्या बैगानं शांतपणे सांगितलं की आमच्या जंगलात भूत नाही, देव आहे, आणि त्याला झपाटलेलं म्हणणार असाल तर पाऊल टाकू देणार नाही. मावसाजी या उत्तरावर इतके खूश झाले की माफी मागून, नारळ फोडून, तिथूनच परत फिरले. शेवटी सापडलं ते शहराजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमागचं निलगिरीचं रान. पान न् पान काजळीनं काळं, मागं रोलिंग मिलची धडधड, आणि भर दुपारी संध्याकाळ व्हावी तसा मळकट उजेड. दुपारचा उजेड आम्हाला सोयीचाच होता, कारण दिवेलागणीच्या आत भुताला घरी जाऊन कुकर लावायचा असायचा. मेकअप तर लागलाच नाही. त्या झाडांखाली थोडा वेळ उभं राहिलं की कुणाचंही भूत व्हायचं.

भैयानं आयुष्यभर फक्त नवऱ्यामुली टिपल्या होत्या. तो भुतालाही आधी पायांपासून धरायचा, मग बांगड्या, मग हळूहळू चेहरा. "दीदी, नज़र नीचे, थोड़ा शरमाइए," असं सांगायचा. मावशीला जन्मात कुणी असं निरखून टिपलं नव्हतं. ती बिचारी खरोखर लाजायची. मावसाजी खेकसायचे की लाजणाऱ्या भुताला कोण भिणार आहे, आणि मग कॅमेऱ्यात डोकावून हळूच म्हणायचे, राहू दे, बरी दिसून राहिली.

खरा घोळ झाला शेवटात. भैया सिनेमा जोडून घेऊन आला आणि आम्ही सगळे टीव्हीपुढं बसलो. पडद्यावर मी, खोट्या दाढीतला मांत्रिक, लिंबू उगारलं, आणि एकदम शहनाई सुरू झाली. मावशी रानातून बाहेर निघाली, मागं वळून पाहत, डोळ्यांना पदर लावत, आणि तिच्याभोवती गुलाबांची चौकट. काम आटोपल्यावर ती डोळ्यांतली काजळी पुसत ऑटोकडे चालली होती, तेवढं भैयानं सवयीनं टिपून ठेवलेलं. बाईमाणसाच्या व्हिडिओचा शेवट बिदाईवरच व्हायचा, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ठरलेला शेवट कुठं आहे विचारलं तर त्यानं मान खाली घातली. त्या टेपवर कुणाचा तरी साखरपुडा उतरला होता. माझी हसून पुरेवाट झाली, पण मावसाजींकडे पाहिलं आणि हसू विरलं. ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी हा सगळा उपद्व्याप केला होता तीच उलटी झाली होती. त्यांचं भूत निघून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेवट पुन्हा काढायला आम्ही उरल्याला गेलो, तर रानच नव्हतं. नव्या शेडसाठी झाडं पाडली होती. नुसते बुंधे उरले होते आणि ट्रॅक्टर ओंडके वाहून नेत होते. मी म्हटलं, मावसाजी, संपलं आता, राहू द्या ती बिदाई. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं दाढी चिकटवली. पण त्यांनाही काही सुचत नव्हतं. जन्मभर काहून काहून करणारा माणूस एका बुंध्यापाशी हात सोडून उभा होता, आणि मला ते बघवेना. तेवढ्यात मावशी पुढं झाली. साडी सावरून त्या बुंध्यावर मांडी घालून बसली आणि भैयाला म्हणाली, लाव कॅमेरा, आणि या खेपेला सरळ तोंडावर लाव. मी लिंबू उगारलं. तिनं आधी ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मावसाजींनी कुठंही न लिहिलेलं वाक्य बोलली.

"झाडं नेली तं नेली. मी नाही जात. तुले जायचं असन तं तू जाय."

मी खरंच मागं सरले. माझ्या मावशीची मला अशी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. पोट्टेपोट्टी माझ्या दाढीवर हिंदीत शेरे मारून पोट धरून हसली, आणि बुंध्याच्या शॉटला गप्प झाली. मावसाजी त्या दिवशी उभे राहिले नाहीत. अख्ख्या आयुष्यात तेवढा एकच भुताचा सिनेमा त्यांनी शेवटपर्यंत बसून पाहिला.

मावशी जाऊन आता काही वर्षं झाली. ती गेल्यावर त्यांचा मुलगा पुण्याहून मावसाजींना न्यायला आला होता. आता इथं एकटे काय करणार, असं तोही म्हणाला, मीही म्हणाले, आणि त्यानं बॅगही भरून टाकली. मावसाजींनी वाद घातला नाही, याचंच मला नवल वाटलं. त्यांनी टीव्ही लावला, सीडी घातली आणि पळवत पळवत शेवटाशी आणली. मावशी बुंध्यावर बसली होती. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि तिचं म्हणणं सांगितलं.

"ऐकलं?" मावसाजी मुलाला म्हणाले. "ते नाही जाऊन राहिली. मंग तिले इथं एकटं सोडून मी काहून जाऊ?"

 मुलानं उठून बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात लावले. मावसाजी अजूनही सकाळी फुटपाथवर खुर्ची टाकून पेपर वाचतात. हल्ली शेजारी दुसरी एक खुर्ची असते, आणि ती ते कुणाला बसायला देत नाहीत.