तीन वेळा ‘घर बंद’

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि आता तोही नाही. तुम्हाला सांगते.

तीस वर्षं मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं – सरासरी, मध्यक, बहुलक. पाहणीसाठी नमुना कसा निवडायचा, हे शिकवताना एक गोष्ट ठरलेली. चिठ्ठ्या टाकून निवडलेली घरं आपल्या सोयीनं बदलायची नसतात. एका आळशी मुलीनं एकच घर बदललं, आणि अख्खी सरासरी खोटी ठरली! वर्ग हसायचा. मीही हसायचे. कशी हसू शकले?

ती मुलगी मीच. एम.एस्सी.ला असताना एकट्या राहणाऱ्या वृद्धांची पाहणी होती. शनिवार पेठेतल्या एका काकूंचं घर निघालं, दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी चहा टाकला आणि बोलतच सुटल्या. सव्वा तासात माझे तीन प्रश्न झाले. तिसरा – गेल्या आठवड्यात आपल्याकडे कोण कोण आलं? त्या बराच वेळ आठवत बसल्या. मग म्हणाल्या, “लिही की, तू आलीस.”

विचारणारी मोजायची नसते, हे मला सांगवेना. शून्यही लिहवेना. उरलेलं उद्या विचारते, म्हणून उठले.

गेले नाही. कंटाळा? तोही होताच. पण खरं सांगू – त्या खोलीत पुन्हा बसायची भीती वाटली. तीनदा जाऊनही घर बंद असेल, तरच शेजारचं घर घ्यायचं असा नियम होता. मी फॉर्म फाडला. नव्या फॉर्मवर घरबसल्या दोन तारखा टाकल्या, पुढे लिहिलं ‘घर बंद’. मग शेजारच्या आजोबांकडे गेले. त्यांच्याकडे आठवड्यात नऊ माणसं आली होती. सरासरी छान आली, सर खूश झाले.

आता माझीही बेल फारशी वाजत नाही. म्हणून हे आठवलं, असं समजू नका. ते कधी विसरलेच नव्हते – आणि अजून सगळं सांगितलेलंही नाही.

आजोबांकडे जाताना काकू दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला बघून उठल्याच. “आलीस? चहा टाकते हं.” आलेच, म्हटलं मी. आजोबांकडून निघाले, तेव्हा खुर्ची रिकामी होती. दार सताड उघडं, आत कपबशा वाजत होत्या. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरले. खाली येऊन तिसरी तारीख टाकली. पुढे लिहिलं – घर बंद.