रेव्हरंड प्यूंचे गुरुवार

ब्लाएन-गार्थ या खाणगावचे पाळक रेव्हरंड मॅख्रेथ प्यू दर गुरुवारी आगगाडीने पोर्थ-ग्वेनला जातात, तिथे लोवरी हम्फ्रीज नावाच्या विधवेच्या घरी पडदे ओढून बसतात, आणि आतून पाळकसाहेबांचं विव्हळणं रस्त्यापर्यंत ऐकू येतं, अशी कुजबुज एका एप्रिलमध्ये गावभर झाली. विव्हळणं मागाहून कुणीतरी जोडलं असेल असं म्हणावं, तर तेही अगदी खरं होतं.

प्यूसाहेब दिसायला देखणे. पांढरी दाढी, रुंद छाती, आणि आवाज असा की साधा चहा मागितला तरी यशया संदेष्टा बोलतोय असं वाटावं. डोक्यात फारसं काही नव्हतं, पण ते दाढीमुळे दिसत नसे. प्रवचन रंगात आलं की त्यांचा आवाज चढत चढत गाण्यात शिरायचा, आणि पाटीच्या दगडाच्या खाणीत दिवसभर दगड फोडणारे गडी बायकांसारखे डोळे पुसायचे. काय सांगितलं हे घरी जाईपर्यंत कुणाला आठवत नसे. त्याची गरजही पडत नसे.

एकच गोष्ट प्यूसाहेब कुणाला कळू देत नसत. त्यांना डो-रे-मीची लिपी, म्हणजे आपल्या सा-रे-गसारखी अक्षरांत लिहिलेली सुरांची लिपी, वाचता येत नव्हती. दुसऱ्या गावात हे खपून गेलं असतं. ब्लाएन-गार्थमध्ये मूल चालायला लागायच्या आधी हाताच्या खुणेवरून 'सो'चा सूर ओळखायचं. चॅपेलात, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, चारशे माणसं एकाच वेळी चार सुरांत गात, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, प्रत्येकाची नजर त्यावर. प्यूसाहेब मात्र पुस्तक मिटून छातीशी धरत आणि डोळे बंद करत. लोक म्हणत, पाळकसाहेबांना सगळं पाठ आहे. तरुणपणी ते एका आजारी श्रीमंताची शाल धरायला चार दिवस संगीतासाठी नावाजलेल्या लाइप्झिक शहरी गेले होते. परत आल्यावर 'आम्ही लाइप्झिकला होतो तेव्हा' एवढंच म्हणून ते गप्प बसत. उरलेलं गावाने आपल्या मनाने भरलं. त्यांनी कधी ते खोडलं नाही.

त्याचं फळ असं मिळालं की वसंतातल्या गायनमेळ्याला बाहेरून यायचा तो नामांकित संगीतज्ञ आदल्या शरदातच आजारी पडला, आणि चॅपेलाचा कारभार पाहणाऱ्या पंचांतले मुख्य, डीकन कॅडवालाडर पॅरी यांनी भर उपासनेत जाहीर केलं, यंदा मेळा चालवायची काठी आपल्या पाळकसाहेबांच्या हाती. मेळा म्हणजे अख्ख्या खोऱ्यातल्या चॅपेलांचं गाणं. पुढे उभा असतो तो नुसते हात हलवत नाही. तो मध्येच सगळ्यांना थांबवतो, खालच्या सुरात चूक कुठे झाली ते सांगतो, स्वतः गाऊन दाखवतो. प्यूसाहेबांच्या तोंडून नकार निघाला नाही. चारशे माणसं आपल्याकडे कौतुकाने पाहत असताना त्यांच्या तोंडून नकार कधीच निघत नसे.

म्हणून ते गुरुवार. लोवरीबाई पोर्थ-ग्वेनला मुलांना पियानो आणि गाणं शिकवत. चाळिशीच्या, स्वच्छ, आणि जिभेने तिखट. पडदे ओढायला प्यूसाहेबांनीच लावले होते. मुलांसाठी भिंतीवर टांगलेल्या तक्त्यासमोर ते उभे राहत आणि बाई काठीने एकेक अक्षर दाखवत.

"पाळकसाहेब, 'सो'वरून 'मी'वर उतरायचंय, कड्यावरून उडी नाही मारायची."

"लाइप्झिकला हे जरा वेगळं करतात."

"मग तिकडेच शिकून यायचं होतंत."

सगळा हिवाळा असाच गेला. आवाज सोन्यासारखा, पण तक्त्यावर नजर गेली की तो अडकलेल्या वासरासारखा हंबरायचा. बाईंनी शेवटी सरळ सांगितलं की मला येत नाही असं गावाला सांगून टाका. खाणीतली माणसं आहेत, हसतील आणि विसरतील.

"हसतील," प्यूसाहेब म्हणाले, "पण विसरणार नाहीत. आमच्याकडे एकाचा आजोबा डबक्यात पडला होता, बाई. नातवाला अजून डबक्या म्हणतात."

हे मात्र खरं होतं. ब्लाएन-गार्थ नाव ठेवतं ते थडग्यापर्यंत पुरतं, आणि 'मुका प्यू' हे नाव त्यांना रोज स्वप्नात ऐकू येत होतं.

मेळा तीन आठवड्यांवर आला आणि कुजबुज उठली. डीकनांनी पाळकसाहेबांना चॅपेलामागच्या खोलीत बोलावलं. पॅरी खाणीत सुरुंग लावणारे, बोलतानाही वात पेटवून मागे सरकल्यासारखे.

"गुरुवारी तुम्ही त्या बाईंकडे जाता, पाळकसाहेब?"

"जातो."

"कशाला?"

एक शब्द पुरे होता. शिकायला. प्यूसाहेबांनी दाढी छातीवर टेकवली आणि त्या सोन्यासारख्या आवाजात म्हणाले, "मी माणूस आहे, पॅरी."

डीकनांची मनं भरून आली. पाप त्यांना ओळखीचं होतं, त्याच्यावर काय करायचं हे ठरलेलं होतं. तीन महिने प्रवचन बंद, आणि काठी अर्थातच काढून घेतली. पलीकडच्या गावचा एक शाळामास्तर आणून मेळा झाला, झकास झाला. प्यूसाहेब शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. लोक एकमेकांना सांगत, बघा, किती पश्चात्ताप.

तीन महिन्यांनी त्यांनी पापावर प्रवचन दिलं. तीन खोऱ्यांतून माणसं आली, खिडक्यांत बसली. असं रडणं गावाने त्याआधी पाहिलं नव्हतं. पतित होऊन उठलेला पाळक म्हणून त्यांना पुढे वीस वर्षं गावोगावची बोलावणी आली, आणि प्रत्येक ठिकाणी भाजलेलं मटण.

लोवरीबाईंचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. आयांनी मुलं पाठवणं बंद केलं. बाई दारोदार जाऊन सांगत होत्या की हो, माणूस डो-रे-मी शिकायला येत होता. लोक हसले. लाइप्झिकला शिकलेला माणूस, आणि डो-रे-मी? निदान खोटं तरी जरा बरं बोलावं बाईने. पियानो विकून त्या लिव्हरपूलला बहिणीकडे निघाल्या, तेव्हा स्टेशनवर प्यूसाहेब समोर आले आणि नजर चुकवून वळले.

"पाळकसाहेब," बाई मागून म्हणाल्या, "माझं नाव गेलं ते गेलं. पण तुमचा 'सो' अजून लागत नाही."

प्यूसाहेब भरल्या वयात, भरल्या पोटी वारले. अंत्ययात्रेला अख्खं खोरं चार सुरांत गायलं. तो मान त्यांच्या वाट्याला आला खरा, फक्त त्या गाण्याची लिपी त्यांना वाचता आली नसती. पुतण्याने त्यांचं जाडजूड चरित्र लिहिलं. त्यात लाइप्झिकवर एक प्रकरण आहे आणि मोहावर एक. बाईंचं नाव कुठेच नाही.

खरी गोष्ट एवढीच. त्या पडद्यांआड डो-रे-मीशिवाय काही झालं नाही. आणि कुजबुज उठवली ती प्यूंनीच. मेळा तीन आठवड्यांवर असताना ते मार्गेदच्या दुकानात पेपरमिंट घ्यायला गेले, आणि गावातल्या सगळ्यांत मोठ्या तोंडाच्या त्या बाईला म्हणाले, "दर गुरुवारी मी मिसेस हम्फ्रीजकडे असतो, हे कुणाला सांगू नका."