लोखंडी पायांचा मान

धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला जावयाचे पाय धुतात. माझं डोकं पांढरं झालं, पोटानं पट्ट्याचं शेवटचं भोक गाठलं, तरी नरसिंहपूरजवळच्या माझ्या सासूबाईंनी हा मान कधी चुकवला नाही. मीही सोडला नाही. पुरणाचे धोंडे कोण सोडतं?

यंदा बारामतीहून निघताना मी मेव्हण्यानं स्वतःच्या लग्नात मला घेतलेले बूट घातले. ते एवढे घट्ट, की पाय आत सरकवायला चमचा लागायचा. पण मानाचे बूट बदलून मागायचे म्हणजे रुसका जावई ठरायचं. शिवाय ते मला कुठं लागतही नव्हते. ‘शुगर असली म्हणून काय झालं, पाय लोखंडी आहेत,’ असं मी चारचौघांत सांगायचो.

परातीत पाय ठेवले. सासूबाईंचा हात अंगठ्याखाली गेला आणि थांबला.

“पाव्हणं, ह्यो फोड कवाचा?”

“कुठला फोड?”

“टम्म फुगलाय की! दुखत न्हाय?”

“अजिबात न्हाय,” मी ऐटीत म्हणालो.

बायकोनं वाकून बघितलं. “अवो, दुखत न्हाय म्हणून मिरवताय काय? उठा. दवाखान्यात.”

धोंडे झाकलेलेच राहिले.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी मला एका सपाट यंत्रावर अनवाणी उभं केलं. पडद्यावर माझी पावलं रंगीत उमटली. सगळीकडं निळं-हिरवं, फक्त अंगठ्याच्या मुळाशी लालभडक.

“शुगरमुळं पाय बधिर झालेत. बूट चावतोय ते तुम्हाला कळतच नाही. त्यात भार सगळा या एका जागी. असंच चालत राहिला असतात तर इथं खोल जखम झाली असती. ती चिघळली तर बोट काढायची वेळ येते.”

लोखंड जागच्या जागी वितळलं.

फोडाला पट्टी झाली, मऊ तळाचे रुंद बूट आले. ते घालून मी बदकासारखा चालतो. मेव्हण्याचा फोन आला.

“दाजी, बूट घट्ट हायत हे तवाच का न्हाय बोलला?”

“तुझा मान राखला.”

“माझा मान तुमच्या अंगठ्यावर कशाला ठिवला?”

महिना सरायच्या आत पुन्हा बोलावणं आलं. पुन्हा परात. या खेपेला सासूबाईंनी चष्मा लावला, पाऊल उलटं करून बोटांच्या बेचक्यांतही बघितलं.

“भरलंय. चला जेवायला.”

ताटात धोंडा एकच होता. मी बायकोकडं आशेनं बघितलं. तिनं त्यातला अर्धा उचलून शेजारी जेवायला बसलेल्या भावाच्या ताटात टाकला.